बार्शीतला एक्सलचा हिशेब

बार्शीत एक्सलचा हिशेब मोटारींच्या आधी आला. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. कुठल्याही एक्सलवर 5 टनांहून जास्त भार नाही, हा तिचा नियम होता. म्हणून हलके रूळ पुरले.

मोटारींत आमच्या मेकॅनिकांच्या कामात बदल झाला तो 1983 च्या मारुती 800 नं. अँबॅसिडर, पद्मिनी या गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, पुढची फक्त वळायची. मारुतीत दोन्ही कामं पुढच्या चाकांवर आली, म्हणून पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट काढायची रीतही नवी. गाडी जमिनीवर असतानाच हबचा नट सैल करायचा. मग जॅक आणि स्टँड लावून चाक काढायचं, गिअर ऑईल उतरवायचं, बॉल जॉइंट सोडवायचा आणि शाफ्ट सरळ ओढायचा. बसवताना ऑईल सीलला ओरखडा नको, सर्क्लिप पक्की बसलीच पाहिजे. शाफ्टच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला की ग्रीस जातं, धूळ शिरते आणि वळणावर तो जॉइंट कटकट वाजतो. भार कुठं पडतो ते आधी ओळखा, हेच मी पोरांना शिकवतो.