कुरडईचा गहू कोणत्या वारी भिजवायचा?



फाल्गुन सरत आला की गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब बाजूला राहतो आणि एकच चर्चा सुरू होते : कुरडईचा गहू कधी भिजत घालायचा? ज्यांनी कधी कुरडया केल्या नाहीत त्यांना वाटेल, यात एवढं काय? मांडून बघा. गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलावं लागतं. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे चीक शिजवायचा, सोऱ्याने कुरडया घालायच्या. मग दोन-तीन दिवस कडक ऊन. म्हणजे सोमवारी गहू पाण्यात पडला, तर ऊन लागणार शुक्रवार, शनिवार, रविवारी. मधे माघार नाही. भिजलेला गहू परत कणगीत जात नाही. शुक्रवारचं आभाळ आपल्याला सोमवारीच कळायला हवं असतं.

शुक्रवारचं आभाळ सोमवारी सांगायची सोय कधी झाली, कुणासाठी झाली आणि आपल्या अंगणापर्यंत ती यायला किती काळ लागला, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्याकडे वसंतात हवामान विचारायची रीत जुनीच. पाडव्याला पंचांग वाचतात, त्यात यंदा पाऊस किती, पीक कसं, ते ऐकायला सगळा गाव जमायचा. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती धान्यं ठेवतात, पापड-करंजी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय हललं, काय विस्कटलं ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. लोक अजून लांबून येतात. ही भाकितं किती खरी ठरतात, त्या वादात आम्ही पडत नाही. आमचं म्हणणं एवढंच की विचारलं जातं चैत्र-वैशाखात, पण विचारलं जातं ते पुढच्या पावसाळ्याबद्दल. येत्या शुक्रवारी वळवाचा पाऊस कुरडयांवर पडेल का, हे तिथे कुणी विचारत नाही.

जवळचं हवामान सांगणारं आपल्याकडे होतं ते सहदेव-भाडळी. वारा कुठून सुटला, ढग कसे आले, कोणत्या नक्षत्रात काय घडलं, यावरून पावसाचे ठोकताळे. यातली भाडळी बाई आहे बरं का. कुठे ती सहदेवाची बहीण म्हणून सांगतात, कुठे बायको, तर गुजरात-राजस्थानकडे कुणाची तरी मुलगी. ती खरोखर होऊन गेली की नाही, कोण जाणे. पण हवामान सांगणाऱ्या पहिल्या माणसांची नावं घेताना लोकांनी त्यात एका बाईचं नाव घातलं, हे आम्हाला फार आवडतं. आपल्या सासवाही भाडळीच्याच वाटेने गेलेल्या. बरणीतलं मीठ पाझरायला लागलं, वाळलेला पापड सादळला, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्या, की म्हातारी म्हणायची, "वाळवण आत घ्या गं." मिठाचं तर खरंच आहे, हवेत दमटपणा वाढला की मीठ तो ओढून घेतं. पण मीठ सांगतं ते आताचं, फार तर संध्याकाळचं. चार दिवसांपुढचं ते सांगू शकत नाही.

आता सरकारी बाजू बघू. मुंबईत कुलाब्याला कंपनी सरकारने १८२६ साली वेधशाळा काढली आणि १८४१ पासून तिथे हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या. बंदर मुंबईचं, जहाजं कंपनीची, वेधशाळाही मुख्यतः त्यांच्याच सोयीची. पुढे १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं, हजारो माणसं गेली. १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. ठिकठिकाणच्या नोंदी एका जागी जमवायला तोवर तारायंत्र आलं होतं. ढगापेक्षा तार लवकर पोचते, सगळी युक्ती एवढीच. १८८६ साली ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ बघून येत्या पावसाळ्याचा अंदाज दिला. म्हणजे पुन्हा पावसाळाच! पाऊस नाही तर पीक नाही, पीक नाही तर सारा नाही आणि वर दुष्काळाचा खर्च. सरकारची काळजी ती होती. आपल्या वाळवणाचा विचार त्यात कुठून असणार?

१९२८ मध्ये या खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' म्हणतात ती दगडी इमारत हीच. आमच्यातल्या एकजणीने कित्येक वर्षं त्या चौकात बस पकडली आणि सिमल्याचं ऑफिस पुण्यात कसं, हे तिला परवा ही माहिती गोळा करताना कळलं. याच पुण्यात १९३२ साली शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग निघाला, डॉ. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख. पीक, माती आणि हवा यांचा एकत्र अभ्यास तिथे सुरू झाला. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी येऊ लागली.

ती ऐकली कुणी? आमच्यातल्या थोरल्या सांगतात, त्यांच्या लहानपणी गावात एकच रेडिओ, तोही चावडीत. संध्याकाळी पुरुष भोवती बसायचे. बायकांनी तिकडे जायचं कारण नव्हतं. घरात जी बातमी यायची ती जेवताना आणि तीही मालकांच्या लक्षात राहील तेवढीच. ज्वारी काढायची की थांबायचं, हे ठरायचं. वाळवणाचं कुणी बोलत नसे, कारण ते काम म्हणूनच धरलेलं नव्हतं.

इथे एका बाईंची आठवण काढल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. अण्णा मणी. नावावरून पुरुष वाटतील, पण 'अण्णा' हे त्यांचं मुलीचंच नाव. केरळातल्या पीरमेड्याच्या, जन्म १९१८ चा. घर सुखवस्तू. त्या घरात मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या द्यायची पद्धत होती. या पोरीने कुड्या नाकारल्या आणि त्याऐवजी ज्ञानकोशाचे ग्रंथ मागून घेतले. पुढे बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी अभ्यास केला तो नेमका हिऱ्यांचा आणि माणकांचा! पीएच.डी. मात्र मिळाली नाही, कारण एम.एस्सी. केलेली नव्हती. त्या इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणं शिकल्या आणि १९४८ साली पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी पर्जन्यमापकं, तापमापकंसुद्धा परदेशातून यायची. मणीबाईंनी शंभरेक उपकरणांचे आराखडे पक्के केले आणि ती इथेच बनवायला लावली. माप चुकलेलं असण्यापेक्षा माप नसलेलं बरं, या मताच्या त्या होत्या. खात्याच्या उपमहासंचालक होऊन १९७६ मध्ये निवृत्त झाल्या, २००१ साली गेल्या. तालुक्याच्या ठिकाणी कुंपणात पांढरी पेटी आणि पर्जन्यमापक दिसलं तर जरा थांबून बघा. त्यामागे एका बाईचे हात आहेत.

एवढं होऊनही आठवड्याचा अंदाज सोपा नव्हता. चार-पाच दिवसांपुढचं सांगायचं तर सगळ्या हवेचं गणित मांडावं लागतं. हवेचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात वारा, ऊब, दमटपणा पुढे कसा सरकेल ते काढायचं. माणसांनी हाताने केलं तर शुक्रवारचं उत्तर पुढच्या महिन्यात येईल. त्याला मोठा संगणक लागतो. दिल्लीत त्यासाठी १९८८ मध्ये वेगळं केंद्र झालं. तरी पहिल्या दिवसातली बारीक चूक पाचव्या दिवसापर्यंत वाढत जाते. म्हणून उद्याचा अंदाज जितका भरवशाचा, तितका पाचव्या दिवसाचा नसतो. २००८ पासून जिल्ह्याजिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज शेतीच्या सल्ल्यासह मिळू लागला, मंगळवारी आणि शुक्रवारी. आपल्याकडे राहुरी, परभणी, अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांतून तो मराठीत येतो. २०१९ मध्ये 'मेघदूत' हे मोबाइलवरचं ॲप आलं. विजेची सूचना देणारं 'दामिनी' पुण्याच्याच संस्थेने केलं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीपुरता अंदाज द्यायलाही सुरुवात झाली.

पण वसंतातलं आभाळ पावसाळ्याहून जास्त खोडकर. खालून जमीन तापलेली, समुद्राकडून दमट वारा आलेला, वर थंड हवा सरकलेली, असं जुळून आलं की दुपारनंतर ढग उभे वाढतात. पाण्याचा थेंब वर जातो, गोठतो, वरखाली होताना त्याच्यावर बर्फाचे थर चढतात आणि वाऱ्याला पेलवेना झाला की तो गार होऊन खाली येतो. एका शिवारात झोडपतं आणि शेजारच्या गावात धूळही भिजत नाही. २०१४ सालची गारपीट कोण विसरेल? फेब्रुवारी संपता संपता सुरू झाली ती मार्चच्या मध्यापर्यंत. मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र. हाताशी आलेली ज्वारी आडवी, गहू काळा, द्राक्षांचे घड मातीत. झाडांखाली मेलेली पाखरं वेचली होती आपण. पंचनाम्यात पिकं आली, फळबागा आल्या, जनावरं आली. आमच्या ओळखीत तरी कुणाचे पापड-शेवया त्या कागदावर आल्या नाहीत.

आता आमची स्वतःची फजिती. कुरडयांची पहिली मोठी मागणी आली, तेव्हा आम्ही वीस किलो गहू भिजवायचं ठरवलं. अंदाज वाचला होता : 'तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस.' आम्ही म्हटलं, तुरळक म्हणजे चार थेंब, झाकून घेऊ. गहू पाण्यात घातला. पाचव्या दिवशी खाटांवर, लुगड्यांवर कुरडया पांढऱ्याशुभ्र. सहाव्या दिवशी दुपारी तीनला सोसाट्याचा वारा सुटला आणि प्लॅस्टिक अंथरेपर्यंत अंगणात चिखल झाला. उरलेल्या कुरडयांना दोन दिवसांत बुरशी धरली. मागणी गेली, गव्हाचे पैसे गटाच्या बचतीतून भरले. दोघीजणी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

सगळ्या जणी हवामान खात्याला नावं ठेवत होत्या. मग एकीने कृषी सहायकांना गाठून त्या शब्दांचा अर्थ विचारला आणि आमचे डोळे उघडले. 'तुरळक' हे पावसाचं माप नव्हेच, ते जागेचं आहे. त्या भागात पाऊस मोजायची जेवढी ठिकाणं आहेत, त्यांतल्या फार तर पाव ठिकाणी पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, त्याच्या वर 'बऱ्याच ठिकाणी'. ज्या पावात तुम्ही सापडाल, तिथे तो धो धो पडू शकतो. पाऊस किती, ते पुढचा शब्द सांगतो. 'हलका' म्हणजे दिवसाला साधारण १५ मिलिमीटरपर्यंत आणि 'मध्यम' थेट ६४ मिलिमीटरपर्यंत. साठ मिलिमीटर पावसाला आपण घरात मध्यम म्हणतो का? शब्द आपलेच, पण कचेरीत जाऊन त्यांचा अर्थ बदललेला. अंदाज खोटा नव्हता. तो आमच्या बोलीत कुणी सांगितला नव्हता.

तेव्हापासून गटाच्या खोलीबाहेर फळा लावला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रक आलं की लिहिता येणारी कुणीही ते खडूने उतरवते आणि खाली आपल्या भाषेत एक ओळ घालते. 'पिवळा' लिहून आला तर नजर ठेवा, 'नारिंगी' आला तर ताडपत्री काढून ठेवा, 'लाल' आला तर काही वाळत घालू नका आणि शेळ्या झाडाखाली बांधू नका. गहू एकदम न भिजवता आम्ही तीन घाणे करतो. भिजवायचा तो अंदाज ऐकून, आणि चीक काढायच्या दिवशी नवा अंदाज पुन्हा बघायचा. पाऊस दिसला तर तेवढा चीक घरच्या खाण्याला, पोरं खूश. गेल्या वर्षी एक घाणा असा खाल्ला आणि पाऊस काही आलाच नाही. त्यावरून आम्हाला अजून चिडवतात.

आज मंगळवार आहे. नवं पत्रक दुपारी येईल, ते संध्याकाळच्या कार्यक्रमात आम्ही सावकाश, दोनदा वाचून दाखवू. तोवर गहू निवडून ठेवा, पाण्यात मात्र घालू नका.