शब्दवेध : दाऊ

इंग्रजीत आज लहानथोर, एक-अनेक सगळ्यांना ‘यू’. पूर्वी एकासाठी ‘दाऊ’ होतं, अनेकांसाठी ‘यी’. ‘यू’ हे ‘यी’चं कर्मरूप. संस्कृत ‘त्वम्’, लॅटिन ‘तू’, आपलं ‘तू’ आणि हे ‘दाऊ’ एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेली भावंडं.

तेराव्या शतकापासून फ्रेंच रिवाजाच्या प्रभावाने थोरामोठ्यांना अनेकवचनी ‘यू’ म्हणणं रुजलं. ‘दाऊ’ मग सलगीचं, प्रसंगी अपमानाचं ठरलं. सतराव्या शतकात क्वेकर पंथीयांनी मात्र उच्चपदस्थांनाही एकवचनीच संबोधलं; माणसामाणसांत भेद नको, ही त्यांची श्रद्धा होती. त्यापायी त्यांनी रोष पत्करला.

प्रमाण इंग्रजीतून हा शब्द गेला, पण १६११च्या किंग जेम्स बायबलने तो प्रार्थनेत टिकवला. यॉर्कशरच्या बोलीत तो ‘दा’ होऊन जगला. आजचे काही लेखक भारदस्तपणासाठी ‘दाऊ’ पेरतात, तिथे गफलत होते. हे आदराचं अनेकवचन कधीच नव्हतं. विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे चटकन उमगेल: देवाशी बोलताना एकवचनाने भक्ती उणी होत नाही.