भ्रूणीय मूलपेशी : एक तारीख आणि एक सही

नेट-सेटची तयारी करताना आपण पाठ करतो: भ्रूणीय मूलपेशी म्हणजे शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनू शकणारी पेशी. पण ती येते कुठून? संशोधनात शिरायचं असेल तर हा प्रश्न आधी विचारा.

फलनानंतर पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातला आतला पेशींचा पुंजका काढून वाढवला की सेल लाईन तयार होते. यात भ्रूण सहसा नष्ट होतो. वादाचं मूळ हेच. 1998 मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणांपासून अशा पाच सेल लाईन बनवल्या.

9 ऑगस्ट 2001 ला अध्यक्ष बुश यांनी तोडगा काढला: त्या दिवसाआधीच्या सेल लाईनवरच्या संशोधनालाच केंद्र सरकारचा पैसा मिळेल. मग 64 सेल लाईनची यादी आली. त्यात भारतातल्या दहा होत्या; मुंबईच्या रिलायन्स लाईफ सायन्सेसच्या 7 आणि बंगळूरच्या एनसीबीएसच्या 3. प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती पोहोचल्या विशीच्या आसपास, आणि त्यात आपली एकही नव्हती.

आता बघा, 8 ऑगस्टला नष्ट झालेला भ्रूण चालतो, 10 ऑगस्टचा चालत नाही. तारखेवरून नीती ठरते का? 2009 मध्ये ओबामांनी ती तारीख रद्द केली. पण दुसऱ्या अटी टिकल्या: भ्रूण वंध्यत्वाच्या उपचारातून उरलेला हवा, पैशाचं आमिष नको आणि जोडप्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी.

आपल्याकडेही गोष्ट त्याच वाटेने गेली. 1986 मध्ये केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पुढे त्यांच्याच सहभागाने परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत 'काइंड-1' आणि 'काइंड-2' या सेल लाईन तयार झाल्या; शोधनिबंध 2009 चा. आयसीएमआरच्या 2007 च्या मार्गदर्शक सूचनांनी संमती सक्तीची केली आणि भ्रूण 14 दिवसांपुढे वाढवायला बंदी घातली. 2021 च्या कायद्यानुसार साठवलेला भ्रूण दहा वर्षांनंतर नष्ट होऊ द्यायचा, नाहीतर जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचा.

कागदावर सगळं ठीक आहे. पण जिंतूर-गंगाखेडकडचं एखादं जोडपं कर्ज काढून मोठ्या शहरात उपचाराला जातं, तेव्हा समोर इंग्रजी फॉर्म येतो आणि 'इथं सही करा' एवढंच ऐकू येतं. मूल होईल या आशेवर बसलेली बाई नाही म्हणेल का? नाही म्हटलं तरी उपचार थांबणार नाही, हे तिला कोणी सांगितलंय का?

म्हणून उद्या अशा पेशींवर काम करायची वेळ आलीच, तर सेल लाईनचं नाव लिहून थांबू नका. तिची संमती कशी घेतली होती, तेही शोधा. आणि संमतीपत्र लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी मराठीत लिहा आणि घरातल्या मावशीला वाचून दाखवा. तिला कळलं नाही, तर पुन्हा लिहा.