कृत्तिकांची गाडी

मी इतिहासाचा पदवीधर. त्यामुळे घरात काही घ्यायचं ठरलं, की वस्तू बघण्याआधी मी तिचं कुळ बघतो. आमच्याकडे मिक्सर तीन महिने उशिरा आला तो याच कारणानं.

अमेरिकेत, व्हरमाँटमधला आमचा हा तिसरा हिवाळा. आमची ही इथल्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स. वाटेत डोंगर. मागच्या महिन्यात त्या उतारावर आमची छोटी गाडी बर्फावरून गर्रकन फिरली आणि घराकडे तोंड करून थांबली. हिनं ती पुन्हा वळवली आणि पाळीवर गेली. मला सांगितलं ते सकाळी, चहा पिताना.

त्या दिवसापासून, गावातल्या एका गृहस्थाच्या अंगणात विकायला उभी असलेली जुनी सुबारू वॅगन आमच्या बोलण्यात आली. इंजिनाचा जोर चारही चाकांना, मागं ऐसपैस जागा, आणि किंमत आमच्या शिलकीपेक्षा थोडीशीच जास्त. मी ताबडतोब ग्रंथालय गाठलं.

सुबारू म्हणजे जपानीत चक्क कृत्तिका! १९५३ साली पाच कंपन्या मिळून फुजी हेवी इंडस्ट्रीज झाली. बोधचिन्हातले पाच लहान तारे त्या कंपन्यांचे, सहावा मोठा तिचा. आपल्याकडेही सहा कृत्तिकांनी मिळूनच कार्तिकेय वाढवला.

"अगं, हे तर आपल्यातलंच स्थळ!" मी म्हणालो. ही मोजे चढवत होती. गप्प.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ईशान्य जपानातल्या तोहोकू वीज कंपनीची माणसं हिवाळ्यात डोंगरातल्या कामांवर जीपनं जात. जीप चढे, पण आतला माणूस गारठे. मोटारीसारखी उबदार आणि तरी बर्फात चढणारी गाडी त्यांना हवी होती. तेव्हा मियागीतल्या सुबारूच्या विक्रेत्यांनी १३०० सीसीच्या व्हॅनला निसानचा मागचा आस जोडून नमुना उभा केला. (आमच्या कुर्ल्याच्या गॅरेजवाल्याला हे ऐकून भरून येईल.) त्यातूनच १९७२ साली चारही चाकांनी ओढणारी लिओने वॅगन बाजारात आली.

हे वाचून दाखवलं तेव्हा हिनं मान वर केली. "म्हणजे ज्यांना घरी बसता येत नाही, त्यांच्यासाठी केलीय."

"हो."

"मग अहो, इतिहास पुरे. टायर बघायला चला."

चारही चाकं एकमेकांशी बांधलेली. एकच टायर फार झिजला तर त्याचा घेर घटतो, ते चाक जास्त फिरतं आणि मधल्या दातेरी चक्रांवर ताण येतो. म्हणून बहुधा चारही बदलावे लागतात. हे हिला इस्पितळाच्या रखवालदारानं सांगितलं होतं. माझ्या ग्रंथांत कुठं नव्हतं.

अंगणात ही बर्फातच उकिडवी बसली आणि एक सेंटचं नाणं उलटं धरून टायरच्या खाचांत घालू लागली. लिंकनचं डोकं बुडालं तर टायर ठीक. तीन टायरांत साहेब भुवयांपर्यंत बुडाले. चौथ्यात त्यांचा भांगसुद्धा दिसत होता.

"चार टायरांचे पैसे कमी करा," ही म्हणाली.

गृहस्थ आभाळाकडे पाहू लागला. मीही पाहिलं. नुसते ढग. ही मात्र नाणं खिशात टाकून तिथंच उभी राहिली.

गुरुवारी ही पाळीला गेली ती चार नव्या टायरांवर. सकाळी परतली तेव्हा सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी चहा टाकला.