अध्यापनसंशोधन (उच्च शिक्षण)

अध्यापनसंशोधन म्हणजे महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापकाने स्वतःच्या वर्गातील अध्यापनाचा आणि विद्यार्थ्यांच्या अध्ययनाचा पद्धतशीर अभ्यास करणे, आणि त्याचे निष्कर्ष इतरांना तपासता येतील अशा स्वरूपात मांडणे होय. इंग्रजीत ही संकल्पना ‘स्कॉलरशिप ऑफ टीचिंग अँड लर्निंग’ या नावाने रूढ आहे. रसायनशास्त्राचा किंवा शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक आपल्या विषयात संशोधन करतोच. येथे मात्र त्याचा विषय कसा शिकला जातो हाच संशोधनाचा विषय असतो. या कामाची पद्धती त्याला सहसा शिकवलेली नसते. त्यामुळे संस्थेने द्यावयाचे पाठबळ हा या संकल्पनेचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

संज्ञा आणि सीमा

बी.एड. अभ्यासक्रमातील ‘कृतिसंशोधन’ ही संज्ञा मराठी वाचकांना अधिक परिचित आहे. या पद्धतीचे श्रेय सामान्यतः कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या १९४६ मधील लेखनाला दिले जाते. पुढे ती शालेय शिक्षणात रुजली. वर्गातील अडचण सुटली की कृतिसंशोधनाचा हेतू साध्य होतो. अध्यापनसंशोधनात त्यापुढची एक जबाबदारी येते. पूर्वीच्या अभ्यासांशी नाते जोडून निष्कर्ष प्रसिद्ध करावे लागतात आणि समव्यावसायिकांच्या परीक्षणास सामोरे जावे लागते. प्रत्यक्षात दोहोंमधील रेषा पुसट आहे, आणि अनेक चांगली कामे कृतिसंशोधन म्हणून सुरू होऊन पुढे वाढलेली असतात.

उगम

अमेरिकेतील कार्नेगी प्रतिष्ठानाचे अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये ‘स्कॉलरशिप रीकन्सिडर्ड’ या अहवालात विद्वत्कार्याचे चार प्रकार सांगितले : शोध, समन्वय, उपयोजन आणि अध्यापन. प्राध्यापकाचे मूल्यमापन केवळ पहिल्या प्रकारावर होते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. ली शुलमन यांनी या विचाराला पुढे नेले. अध्यापन बंद दाराआड घडते, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संघटना २००४ मध्ये स्थापन झाली.

विज्ञान विषयांत हे काम त्याआधीच सुरू होते. भौतिकशास्त्रात १९९२ मध्ये बलविषयक संकल्पनांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासवर्गांतील ६,५४२ विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. केवळ व्याख्यानपद्धतीने शिकवलेल्या वर्गांत सरासरी प्रमाणित वाढ ०.२३ होती, विद्यार्थ्यांना विचार करायला आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ती ०.४८ आढळली. प्रमाणित वाढ म्हणजे सुधारणेला जितका वाव होता त्यापैकी प्रत्यक्ष किती सुधारणा झाली याचे गुणोत्तर. पूर्वचाचणीत ४० टक्के आणि उत्तरचाचणीत ५८ टक्के गुण मिळाले, तर शक्य ६० पैकी १८ ची वाढ, म्हणजे ०.३० होते.

भारतातील व्यवस्था

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. त्यांचे नाव पुढे मानव संसाधन विकास केंद्र आणि २०२३ नंतर मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र असे झाले. उद्बोधन व उजळणी वर्गांचा भर मुख्यतः प्रशिक्षणावर राहिला. प्राध्यापक तेथे ऐकून येतो. परतल्यावर वर्गात काय बदलले हे तपासण्याची सोय त्या रचनेत फारशी नव्हती.

अभियांत्रिकीत निराळा प्रयत्न झाला. आयआयटी मुंबईने प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प दूरस्थ केंद्रांच्या जाळ्यातून चालवला. त्यात २०१३ मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानातील संशोधनपद्धती या विषयावर कार्यशाळा झाली. अभियांत्रिकीच्या सामान्य शिक्षकाला प्रश्न मांडणे, नमुना निवडणे आणि चाचणी तयार करणे शिकवण्याचा हा उपक्रम होता. त्याच संस्थेत २०१० पासून शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पीएच.डी. करता येते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) या परंपरेत ज्येष्ठ आहे. त्याने २००४ मध्ये गोव्यात ‘एपिस्टीम’ या परिषदमालेचा आरंभ केला.

विष्णुपुरी : एक गाव, तीन नियामक

नांदेड शहरालगत गोदावरीकाठी, धरणामुळे परिचित असलेल्या विष्णुपुरी परिसरात उच्च शिक्षणाच्या तीन मोठ्या संस्था आहेत. श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ ची. मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांसाठी आहे. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले आणि पुढे विष्णुपुरीत आले. तिन्ही ठिकाणी शिकवणाऱ्यांचे प्रश्न एकमेकांजवळचे आहेत, पण त्यांच्यावर लागू होणारे नियम वेगवेगळ्या दिशांना ओढतात. अध्यापनसंशोधनाला पाठबळ कोठून मिळते आणि कोठे तुटते, हे या तुलनेतून चांगले दिसते.

वैद्यकीय शिक्षणात ही व्यवस्था सर्वांत घट्ट आहे. प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण कक्ष असावा लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या पात्रता नियमांत पदोन्नतीसाठी वैद्यकीय शिक्षण तंत्रज्ञानाचा मूलभूत अभ्यासक्रम आणि जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम अशी दोन्ही प्रमाणपत्रे मागितली होती. त्यापुढच्या प्रगत अभ्यासक्रमात प्राध्यापकाला स्वतःच्या महाविद्यालयात एक शैक्षणिक प्रकल्प मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पूर्ण करावा लागतो. मुंबईच्या शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ मध्ये सुरू झालेल्या फेमर प्रादेशिक संस्थेनेही प्रकल्पावर आधारलेल्या शिष्यवृत्तीचा हाच नमुना ठेवला. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमामुळे अशा प्रकल्पांना विषयांची कमतरता उरलेली नाही.

अभियांत्रिकीत चित्र संमिश्र आहे. १३ जून २०१४ रोजी भारत वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला, आणि फलाधिष्ठित शिक्षणाची कागदपत्रे प्रत्येक विभागात तयार होऊ लागली. कोणत्या प्रश्नाने कोणते अभ्यासक्रम-फलित तपासले, ते किती विद्यार्थ्यांनी गाठले, याचे तक्ते दर सत्रात भरले जातात. संशोधकाला हवी असलेली बरीच सामग्री या तक्त्यांत असते. पण ती मानांकन समितीसाठी जमवलेली असते, आणि भेट संपली की कपाटात जाते. एखाद्या घटकात सतत तीन वर्षे फलित गाठले जात नसेल तर ते का, हा प्रश्न तक्ता विचारत नाही.

विद्यापीठाच्या विभागांना व संलग्न महाविद्यालयांना लागू असलेली आयोगाची २०१८ ची नियमावली अध्यापनाचे मूल्यमापन मुख्यतः घेतलेल्या तासांच्या टक्केवारीवर करते : ८० किंवा अधिक असल्यास ‘चांगले’, ७० ते ८० दरम्यान ‘समाधानकारक’. तास घेतला म्हणजे शिकवले आणि शिकवले म्हणजे विद्यार्थी शिकला, ही दोन्ही गृहीतके या तक्त्यात न बोलता मान्य केलेली आहेत. त्याच नियमावलीत नव्या अध्यापनपद्धतीच्या विकासाला ५ गुण आहेत, तर विज्ञान शाखेतील एका शोधनिबंधाला ८ आणि मानव्य शाखेत १०. वेळेची ओढाताण असलेला प्राध्यापक कोणता मार्ग धरील, हे सांगायला नको. विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे, म्हणजे संशोधनपद्धतीचे जाणकार त्याच आवारात उपलब्ध आहेत. मात्र विज्ञानाचा शिक्षक आणि शिक्षणशास्त्राचा शिक्षक यांनी एकत्र काम करावे, असे कोणतेही नियम त्यांना सांगत नाहीत.

पाठबळाचे स्वरूप

पहिली आणि सर्वांत अवघड मदत लागते ती प्रश्न नेमका करण्यासाठी. ‘विद्यार्थी लक्ष देत नाहीत’ ही तक्रार आहे, संशोधनप्रश्न नव्हे. मराठवाड्यात बारावीपर्यंत बरेचसे मराठीतून शिकून अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात इंग्रजीत यंत्रशास्त्र शिकणारा विद्यार्थी घेतला, तर त्याच्या चुकांची किमान दोन कारणे असू शकतात : प्रश्नाची भाषा न कळणे किंवा बलाची संकल्पनाच चुकीची असणे. तेच उदाहरण एका गटाला मराठीत, दुसऱ्याला इंग्रजीत आणि तिसऱ्याला केवळ आकृतीने दिले, तर ही दोन कारणे वेगळी काढता येतात. असा प्रश्न एका सत्रात, एका वर्गात, फारसा खर्च न करता तपासता येतो. त्याच्या उत्तरावर पुढे पूरक वर्ग भाषेचे असावेत की भौतिकशास्त्राचे, हे ठरते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिल्यानंतर हा प्रश्न धोरणाच्या पातळीवरही महत्त्वाचा ठरला आहे.

दुसरी मदत पद्धतीची. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणारे पुढच्या चाचणीत काहीसे वर येतातच, शिकवण्यात बदल केला असो वा नसो. तुलनागट नसेल तर ही सांख्यिकीय घटना यश म्हणून छापली जाते. नव्या पद्धतीचे नावीन्य ओसरल्यावर परिणाम टिकतो का, हेही पाहावे लागते. तीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात आकड्यांतून फार काही सिद्ध होत नाही. अशा वेळी मुलाखती, उत्तरपत्रिकांतील चुकांचे वर्गीकरण किंवा प्रत्यक्ष प्रश्न सोडवताना विद्यार्थ्याला मोठ्याने विचार करायला सांगणे अधिक फलदायी ठरते. विज्ञानाच्या प्राध्यापकांना हे गुणात्मक काम आरंभी ‘संशोधन’ वाटत नाही, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

याशिवाय कार्यभारातील सवलत, लहान अनुदान, महिन्यातून एकदा भेटणारा सहकाऱ्यांचा गट आणि लेखनसाहाय्य ही नेहमीची साधने आहेत. महाविद्यालयातील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष हे काम अंगावर घेऊ शकतो. मात्र वार्षिक अहवालाच्या धावपळीत त्याला ते क्वचितच जमते.

नैतिक बाजू

या संशोधनातील सहभागी हे संशोधकाचेच विद्यार्थी असतात आणि त्यांचे गुण त्याच्याच हाती असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत श्रेणीबद्ध संबंधांतील व्यक्तींची, त्यांत विद्यार्थ्यांचीही, गणना असुरक्षित घटकांत केली आहे. अंतर्गत गुण देणाऱ्या शिक्षकाने समोर उभे राहून संमतिपत्र पुढे केले, तर नकार देण्याचे स्वातंत्र्य नाममात्र उरते. म्हणून संमती त्रयस्थाने घेणे, निकाल लागेपर्यंत कोणी सहभाग घेतला हे शिक्षकाला न कळवणे आणि तुलनागटालाही नंतर त्याच पद्धतीने शिकवणे, हे उपाय सुचवले जातात. वैद्यकीय महाविद्यालयांत नैतिकता समिती आधीपासून असते. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात प्रस्ताव नेमका कोणाकडे न्यायचा, हा व्यावहारिक पेच आहे.

प्रकाशन

सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अभियांत्रिकी शिक्षणावरील ‘जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स’ हे नियतकालिक प्रसिद्ध करते. ग्रामीण भागातील महाविद्यालयाने देशभरातील शिक्षकांच्या वर्गातील प्रयोगांना दिलेले हे व्यासपीठ आहे. निकृष्ट नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये केअर यादीची घोषणा केली. तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही यादी बंद करून नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याचे काम संस्थांवर सोपवण्यात आले. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने रसायनशास्त्राच्या अध्यापनावर लिहिलेला निबंध ‘स्वतःच्या विषयातील’ मानायचा की नाही, हा निर्णयही आता त्या त्या विद्यापीठाच्या छाननी समितीकडे आला आहे.