सावलीची घाई

मी जऊळका रेल्वेहून बोलते आहे.

मागच्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळात आमच्या बैठकीवरचा कडुनिंब मुळासकट आडवा झाला. गटाची वसुली, पासबुकं, भांडणं, समेट, सगळं त्याच्याखाली चालायचं. आता आम्ही भिंतीच्या आडोशाला बसतो. दुपारी दोन वाजता त्या भिंतीला हातभर सावली असते, आणि ती म्हाताऱ्यांना द्यावी लागते. दोन लेकुरवाळ्या बायांनी येणंच सोडलं. हजेरी चुकली की कर्जाचा नंबर मागे जातो, म्हणून झाडाचा प्रश्न आमच्यासाठी साधा राहिला नाही.

नवं झाड लावायचं ठरलं तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: लवकर वाढणारं लावा. एकीने गुलमोहर सुचवला, एकीने सुबाभूळ, एकीने निलगिरी. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. म्हटलं, ही झाडं आपल्याकडे आली कुठून आणि वागली कशी, ते आधी पाहू.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. एकोणिसाव्या शतकात तो भारतात आला आणि बंगल्यांच्या, रस्त्यांच्या कडेला शोभेसाठी लागला. वाढतो भराभर, फुलतो देखणा. पण आपल्या भागात मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाचा चटका सुरू होतो तेव्हाच, तो पानं गाळून उभा असतो. शिवाय मुळं वरवर आणि लाकूड ठिसूळ. वादळात फांदी मोडायला वेळ लागत नाही, आणि खाली आपण बसलेल्या असतो.

सुबाभळीची गोष्ट वेगळी. ती मेक्सिकोकडची. १९७० नंतरच्या काळात उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने, म्हणजे मणिभाई देसाईंच्या संस्थेने, चारा आणि सरपणासाठी तिचा खूप प्रसार केला. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाचा जोर होता, तेव्हा बांधाबांधावर सुबाभूळ आणि निलगिरी लागली. बकऱ्यांना चारा मिळाला, चुलीला काडी मिळाली, हे खरं आहे. ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण १९८८ च्या सुमारास कोवळी पानं शोषणारी एक बारीक कीड देशात आली आणि सुबाभळीचे शेंडे वाळू लागले. जिथे टिकली तिथे शेंगा फुटून इतकी पसरली की उपटून हात दुखतात. निलगिरीबद्दल एवढंच सांगते, तिच्या लटकत्या पानांखाली बसून पाहा. सावली म्हणजे चाळणी.

थोडक्यात, ही झाडं चारा, लाकूड आणि शोभेसाठी निवडली गेली. बाया खाली बसतील म्हणून कोणी निवडली नव्हती.

आता मागे जाऊ. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र साधारण १७१५ चं. (मोबाईलवर ते शिवरायांचं पत्र म्हणून फिरतं. लिहिलं अमात्यांनी, मात्र त्यांनी शिवरायांच्या हाताखाली काम केलेलं होतं.) आरमाराला लाकूड लागायचं, त्याबद्दल त्यात बजावलंय की रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नका. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जुनं होऊन निकामी झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडा. तीनशे वर्षांपूर्वी राज्यकारभारात झाडाच्या वयाला किंमत होती. आमच्याकडे अकोला-वाशिम रस्ता चौपदरी झाला, तेव्हा कडेची जुनी झाडं किती भराभर गेली ते तुम्हीही पाहिलंय.

बैठकीत मी वडाचं नाव काढलं तर एक आजी म्हणाल्या, "वडाची सावली पाह्याले मी राहीन का वो?"

त्यांना मी कर्नाटकातल्या सालुमरद तिम्मक्कांची गोष्ट सांगितली. शाळा नाही, मजुरी करणारी बाई, पदरी मूल नाही. हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर त्यांनी आणि नवऱ्याने वड लावायला घेतले, पहिल्या वर्षी दहा. पावसाळ्याच्या तोंडावर लावायचे, काट्यांचं कुंपण करायचं, घागरींनी पाणी वाहायचं. असे ३८५ वड झाले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या. स्वतः लावलेल्या वडांच्या सावलीत त्या कित्येक वर्षं चालल्या.

आणि वड दिसतो तेवढा संथ नाही. बियापासून वाढवलं तर वेळ लागतो. पण दंडाएवढी जाड, माणसाहून उंच फांदी पावसाच्या सुरुवातीला खड्ड्यात रोवली तर ती मुळं धरते. रस्त्याच्या कडेचे पुष्कळ जुने वड असेच खुंटापासून झालेले आहेत. वरच्या कापाला शेण-माती थापायची, आणि काळ्या जमिनीत पाणी साचून खुंट सडू नये म्हणून खड्ड्यात मुरूम घालायचा. म्हणजे रोपाची पहिली काही वर्षं वाचतात. गंमत बघा, हाच हंगाम वटपौर्णिमेचा. आपण त्या दिवशी बोटाएवढ्या फांद्या तोडून घरी आणतो, पुजतो आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकतो.

वडालाही खोड आहेच. घराच्या भिंतीजवळ, विहिरीजवळ लावू नये. आणि तो अमर नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला म्हणून महामार्गातून वाचला, आणि २०२२ च्या पावसात आपणच कोसळला. जागा अडचणीची असेल तर करंज बघा. तो एप्रिलमध्ये नव्या पानांनी दाट होतो. मोकळ्या जागेत घाईच असेल तर आपला महारुख आहे. लवकर वाढतो, पाला बकऱ्या खातात.

आमच्या गटाने शेवटी वडाचा खुंट ठरवला. तोवरच्या उन्हाळ्यांसाठी बैठकीच्या जागेवर तुराट्यांचा मांडव घालायचा आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवायचा. खड्डा तीन फुटांचा खणून झाला आहे. पाण्याच्या पाळ्या हजेरीच्या वहीतच लिहिल्या आहेत, आणि पहिली पाळी त्या आजींनी मागून घेतली.