आकलनाचा दाणा: बिब्ब्याचा विसरलेला इतिहास

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे गाव बालाघाटच्या मुलखात वसले असून, त्या भागासह एकूण मराठवाड्याच्या घरांत बिब्बा पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे; डिंकाच्या लाडवांत पडणारी गोडंबी ही त्याची बी, तर परटांनी कपड्यांवर न पुसणारी खूण करण्यासाठी वापरलेला काळा चिकट रस हा त्याच्या कवचातला. तो कातडीला लागताच फोड येतात, त्यालाच ‘बिब्बा उतणे’ म्हणतात, आणि सुरळीत चाललेल्या कामात कोणी खोडा घातला तर त्याने ‘बिब्बा घातला’ असे होते. अशा दाहक फळाला एकेकाळी स्मरणशक्तीच्या औषधांत मानाचे स्थान होते, हे मात्र आज फारसे कोणाच्या ध्यानात नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनांचे, म्हणजे आयुष्य व बळ टिकवणाऱ्या उपचारांचे, विवेचन करताना भल्लातक, अर्थात बिब्बा, मेधा (ग्रहण व धारण करणारी बुद्धी) वाढवतो असे सांगितले आहे. उन्हाळ्यात पिकलेली निर्दोष फळे जव किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवावीत, मार्गशीर्ष-पौषात त्यांचा काढा दुधासह घ्यावा, तत्पूर्वी तोंडाला आतून तूप चोपडावे, मात्रा दहा फळांपासून रोज एकेक वाढवत तीसपर्यंत न्यावी व तशीच उतरवावी, असा तो विधी आहे. तोंडातल्या त्या तुपाच्या लेपावरूनच वैद्यांना या औषधाची धग किती नेमकी ठाऊक होती ते कळते.

भल्लातकाचेच नाव अरबीत ‘बलाधुर’ झाले आणि यूनानी वैद्यकाने त्याला ‘हब्बुल फहम’, म्हणजे आकलनाचा दाणा, म्हटले. दहाव्या शतकात कैरवानच्या इब्न अल-जज्जारने विस्मृतीवर स्वतंत्र पुस्तिका लिहून तीत बलाधुराचा योग दिला. नवव्या शतकातील इतिहासकार अल-बलाधुरी याच्या घराण्याचे नावच या फळावरून पडले. स्मरणशक्तीसाठी त्याचा रस प्याल्याने बुद्धिभ्रंश होऊन मृत्यू ओढवल्याची आख्यायिका कोणी त्याच्याविषयी, तर कोणी त्याच्या आजोबांविषयी सांगतात.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत धाराशिव जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे यूनानीला राजाश्रय होता. त्यामुळे वैद्याचा भल्लातक व हकिमाचा बलाधुर एकाच राज्यात नांदत होते, आणि दोघांचे शास्त्र वेगळे असले तरी या फळाच्या गुणाबद्दल व धोक्याबद्दल दोघांचेही एकमत होते, हे विशेष मोलाचे आहे.

तथापि मेधा वाढवणे आणि १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर याने वर्णिलेला मेंदूचा आजार बरा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिमपुष्पाच्या कुळातील वनस्पतींतून मिळालेल्या गॅलँटामिनला या आजारासाठी २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती माणसांवरील पद्धतशीर चाचण्यांनंतर, आणि तेही लक्षणे काही काळ सौम्य करण्यापुरती. बिब्ब्याच्या पाठीशी असा पुरावा नाही. शिवाय विटेच्या चुऱ्यात घोळून, घासून त्यातले तेल शोषून घेतल्याखेरीज वैद्य आजही तो औषधात घालत नाहीत.